प्रोफेसर केळफा

गेल्या माघात आनेकल येथील एका कल्याणमंटपात आपल्या मंडळातील एका कुटुंबाच्या कन्येचा विवाह झाला. वधू मराठी, वर कानडी. इकडच्या रीतीप्रमाणे स्वागतसमारंभ लग्नाच्या आदल्या संध्याकाळी होता. वधूवरांस आहेर करण्यासाठी लागलेली रांग व्यासपीठापासून पार दरवाजापर्यंत पोहोचली होती, मुले कंटाळून खुर्च्यांखाली लपंडाव खेळत होती, आणि दोन्ही पक्षांकडील वडीलमंडळी एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे नुसतीच एकमेकांकडे पाहून हसत होती. अशा वेळी पाहुण्यांचे मन रमावे म्हणून यजमानांनी एका जादूगारास बोलाविले होते.

त्या तरुणाने रिकाम्या हातातून रुमाल काढले, कापलेली दोरी सांधली, एकमेकींत अडकलेल्या लोखंडी कड्या एका फुंकरीसरशी सुट्या केल्या. तासाभरात त्याने तोंडातून दहा शब्दही काढले नसतील. परंतु कानडी आजी आणि मराठी आजी एकाच क्षणी आ वासून पाहत राहिल्या आणि एकाच क्षणी टाळ्या वाजवू लागल्या. दोन घराण्यांची खरी ओळख त्या संध्याकाळी त्या कड्यांनी करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा जादूगार कोणी परका नव्हता. आपल्याच मंडळातील आमच्या एका स्नेह्यांचा तो धाकटा मुलगा. चांगली कायम नोकरी सोडून त्याने हा मार्ग धरला, त्यास आता दोन वर्षे झाली. त्या वेळी त्याच्या वडिलांनी मुलाची समजूत घालण्यासाठी आम्हांस बोलाविले होते, आणि आम्हीही तीस वर्षांच्या सरकारी नोकरीच्या अधिकाराने निवृत्तिवेतन, वैद्यकीय सवलत, घरबांधणीचे कर्ज या साऱ्यांचा पाढा त्यास वाचून दाखविला होता. मुलाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या मनाचेच केले. एक गोष्ट मात्र त्याने वडिलांसाठी मान्य केली. आपल्या कार्डावर त्याने आडनाव घातले नाही. त्या संध्याकाळी खेळ सुरू होताच आमचे स्नेही उठून बाहेर गेले आणि खेळ संपेपर्यंत मोटारींच्या गर्दीत एकटेच उभे राहिले. आम्ही त्यांच्या सोबतीस गेलो. आतून टाळ्यांचा आवाज येत होता आणि आम्हां दोघांसही काय बोलावे ते सुचत नव्हते.

त्या रात्री घरी परतताना आम्हांस एकशे वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका जादूगाराची आठवण झाली. त्यानेही आपले आडनाव रंगमंचावर सरळ लावले नव्हते. ते उलटे करून त्याने प्रोफेसर केळफा असे नाव घेतले होते. केळफा हा शब्द वाचकांनी शेवटाकडून वाचावा, म्हणजे फाळके हे नाव हाती येईल. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांस आपण ओळखतो, ते दादासाहेब फाळके एके काळी जादूचे खेळ करीत असत. त्यांचे चरित्र आपण बहुधा १९१३ सालापासून सांगावयास लागतो. आम्हांस ते आज थोडे अलीकडून सांगावयाचे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृताचे विद्वान. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. घरात शास्त्र, पुराण आणि पाठांतर. मुलाचा ओढा मात्र रंग, माती आणि सोंगे यांच्याकडे. १८८५ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेत नाव घातले. त्यानंतर वडील बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यातील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, ठसे करणे अशा नाना विद्या त्यांनी आत्मसात केल्या. १८९२ साली अहमदाबादेच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या त्यांनी केलेल्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. हातांस येत नाही असे काही नव्हते. एका जागी स्थिर होणे मात्र त्यांच्या स्वभावातच नव्हते.

पुढे गुजरातेत गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला. तो फारसा चालला नाही. १९०० सालच्या सुमारास प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेली. तिशीच्या उंबरठ्यावर संसार असा मोडून पडला आणि ते पुन्हा बडोद्यास परतले. याच काळात त्यांची एका परदेशी जादूगाराशी गाठ पडली आणि त्याच्यापासून त्यांनी हातचलाखीची विद्या मिळविली. थोड्याच दिवसांत बडोद्याच्या लोकांस प्रोफेसर केळफा यांचे प्रयोग पाहावयास मिळू लागले. शास्त्रीबुवांचा मुलगा लोकांसमोर उभा राहून पत्ते आणि नाणी नाहीशी करू लागला. ज्या काळी नाटकात काम करणाऱ्यासदेखील सोयरीक जमविताना अडचण येई, त्या काळी ही गोष्ट घरच्यांस कितपत रुचली असेल, याची कल्पना आजच्या वाचकांस सहज करता येईल.

तथापि ही विद्या त्यांच्या आयुष्यात वाया गेली नाही. जादूगार आणि चलच्चित्र यांचे नाते जन्मापासूनचे आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी पहिला जाहीर खेळ केला, तेव्हा प्रेक्षकांत जॉर्ज मेलिएस नावाचा एक गृहस्थ होता. तो व्यवसायाने जादूगार, आणि जादूच्या प्रयोगांसाठीच प्रसिद्ध असलेल्या एका नाट्यगृहाचा मालक. हे नवे यंत्र म्हणजे आपल्याच धंद्यातील एक अजब पेटी आहे, हे त्याने तत्काळ ओळखले आणि पुढे परीकथांचे व चमत्कारांचे शेकडो चित्रपट काढले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएरांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. फाळक्यांच्या मनात मात्र ही ठिणगी पडावयास आणखी पंधरा वर्षे लागावयाची होती.

१९०२ साली फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांच्या घरातील गिरिजा. किर्लोस्कर नाटक मंडळींच्या चालकांशी तिचे नाते होते. विवाहानंतर तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. दुसऱ्याच वर्षी फाळक्यांना पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे आमच्यासारख्या सरकारी नोकरांचे ते पूर्वसूरीच म्हणावयाचे! पगार नियमित, काम आवडीचे, घरात नवा संसार. प्रोफेसर केळफा आता कायमचे पडद्याआड जाणार, असेच कोणासही वाटले असते. परंतु १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. १९०६ साली फाळक्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला आणि लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. पुढे हा धंदा दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला. १९०९ साली जर्मनीस जाऊन त्यांनी रंगीत छपाईची यंत्रे आणली. इतके सारे जमले असता भागीदारांशी मतभेद झाले आणि आपण उभारलेल्या कारखान्यातून रिकाम्या हातांनी त्यांस बाहेर पडावे लागले. वय चाळीस उलटलेले, हाती उद्योग नाही, पदरी मुले.

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशूच्या लीला चालल्या असता त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांची अशी चित्रे आपल्याच लोकांनी का काढू नयेत, या एका विचाराने त्यांस पुरते ग्रासले. मग जो दिसेल तो खेळ पाहावयाचा, फिल्मचे तुकडे मिळवून घरी न्याहाळावयाचे, रात्र रात्र जागावयाचे, असा क्रम सुरू झाला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. दृष्टी येताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनचा रस्ता धरला. तेथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांस साहाय्य केले. सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील कलागृहात त्यांस चित्रपट तयार होताना पाहावयास मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेण्याची व्यवस्था करून ते थोड्याच आठवड्यांत परतले.

यंत्र आले, परंतु भांडवल देणारा मिळेना. तेव्हा फाळक्यांनी एक जादूच केली. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून, कॅमेरा एका जागी ठेवून, रोपाची वाढ ते दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणभरात घडली. बी फुटले, वर आले, वेल झाला. आंबा पेरून घटकेत झाड करून दाखविणारा गारुडी आपण सर्वांनी ऐकला आहे. येथे तोच खेळ होता. मात्र पदराआड काही लपविलेले नव्हते. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाची कथा अनेकांस ठाऊक आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. समाजाने ज्यांस बाहेर टाकले होते, अशा स्त्रियांनीदेखील या कामास नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांस शोधून काढून त्यांस तारामती करण्यात आले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. या धंद्याचे नाव घेण्याचीही लोकांस लाज वाटे. म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामास आहोत असे विचारणाऱ्यास सांगावे, असा सल्ला फाळक्यांनी नटांस दिला होता. पुढे २००९ साली याच घटनेवरून एका मराठी चित्रपटाने आपले नाव घेतले. आमच्या स्नेह्यांच्या मुलाने कार्डावरून आडनाव गाळले, त्याची आठवण येथे आम्हांस तीव्रतेने होते.

या कारखान्याच्या खऱ्या चालक सरस्वतीबाई होत्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. चित्रण चालले असता प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्या राहत. रात्री मंडळी झोपली म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम त्या पतीबरोबर करीत. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. जादूगाराच्या प्रत्येक खेळात एक साहाय्यक असतो. प्रेक्षकांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही, परंतु त्याचा हात निसटला तर सारा खेळ फसतो.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमानंतर ३,७०० फूट लांबीचे हे चित्र सिद्ध झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागले. त्याच कार्यक्रमात नृत्य होते, विनोदी नकला होत्या, पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका खेळाडूची कसरतही होती. भारतीय चित्रपटाचा प्रारंभ असा खेळवाल्यांच्या पंगतीत झाला. चित्र मूक असल्यामुळे कथा सांगणाऱ्या पाट्या इंग्रजीबरोबर देशी भाषेतही घातलेल्या होत्या. कोणत्याही प्रांतातील मनुष्याने पाहावे आणि समजावे, असा तो खेळ होता. सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये गल्ला जमला, तेव्हा फाळक्यांतील प्रोफेसर केळफा पुन्हा जागे झाले. तीन आण्यांत दोन मैल लांबीचे चित्र आणि सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, अशी जाहिरात त्यांनी केली आणि लोकांची रीघ लागली.

पडद्यावरील चमत्कारांमागेही तीच जुनी विद्या होती. कॅमेरा थांबवावा, नटास बाजूस करावे, पुन्हा कॅमेरा सुरू करावा. पाहणाऱ्यास वाटावे की देव अंतर्धान पावला. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यावे. पाहणाऱ्यास वाटावे की हवेतून आकृती प्रकट झाली. हाताने करावयाची चलाखी फाळक्यांनी यंत्राकडून करवून घेतली. १९१३ सालच्याच मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि चित्रपटास स्त्रिया मिळाल्या. १९१७ सालच्या लंकादहनात साळुंके हेच राम आणि तेच सीता होते. त्या चित्राच्या मिळकतीची नाणी मद्रासेस बैलगाडीत भरून न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ साली श्रीकृष्णजन्म आणि १९१९ साली कालियामर्दन आले. त्यांत कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. या मोठ्या चित्रांबरोबर आगकाड्यांची मौज दाखविणारे, चित्रपट कसे तयार करतात ते समजावून देणारे छोटे चित्रपटही त्यांनी काढले, आणि प्रोफेसर केळफा यांची जादूही फिल्मवर उतरविली.

येथे कथा संपविली असती तर ती मुलांस सांगावयास फार सोयीची झाली असती. परंतु ती तशी संपत नाही. मुंबईच्या भांडवलदारांबरोबर काढलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत त्यांचे पटेना. ते सारे सोडून काशीस गेले आणि तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. १९२२ साली परतून पुन्हा कामास लागले खरे, परंतु काळ पुढे गेला होता. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. त्यांचा सेतुबंधन हा मूकपट तयार झाला, तो बोलपटांच्या युगात. मागाहून त्यास ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण काढला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. वय सदुसष्ट. त्यानंतरची वर्षे नाशिकला ओढग्रस्तीत आणि बरीचशी विस्मरणात गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. ज्या धंद्यात पुढे कोट्यवधींची उलाढाल झाली, त्याच्या जनकाच्या वाट्यास अखेरीस त्यातील फारच थोडे आले.

देशास त्यांची आठवण झाली ती जन्मशताब्दीच्या वेळी. केंद्र शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि १९६९ सालचा पहिला पुरस्कार देविकाराणी यांस मिळाला. याच देविकाराणींनी आयुष्याचा उत्तरकाळ आपल्या या बेंगळुरूच्या परिसरात, कनकपुरा रस्त्यावरील तातगुणी येथे घालविला. पुढे १९९५ सालचा पुरस्कार कन्नड जनतेच्या राजकुमारांस लाभला. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्रीबुवांच्या मुलाचे नाव अशा रीतीने कर्नाटकातही घरोघरी पोहोचले. आणि ते सरळ वाचले जाते, उलटे नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फाळक्यांचे चरित्र सांगून तरुणांस नोकऱ्या सोडावयास लावावे, असा आमचा हेतू नाही. नोकरी सोडणारा प्रत्येक जण फाळके होत नाही, आणि खुद्द फाळक्यांसही त्याची किंमत अखेरपर्यंत मोजावी लागली. ती किंमत सरस्वतीबाईंनी मोजली, मुलांनी मोजली. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या मुलास जो पाढा वाचून दाखविला, त्यातील एकही आकडा खोटा नव्हता. आमची चूक निराळीच झाली. मार्गातील धोके सांगणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होते आणि ते आम्ही केले. परंतु त्याचा निर्णय झाल्यानंतर त्याच्या कलेची लाज बाळगण्याचे कर्तव्य आमच्यावर कोणीही सोपविले नव्हते. ते आम्ही आपण होऊन अंगावर घेतले आणि भर समारंभातून उठून मोटारींच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, तेदेखील घर सोडून अनोळखी भाषेच्या मुलखात आले होते. त्यांच्या वडिलांनीही त्यांस गावाजवळची नोकरी पाहण्याचा उपदेश केला असेलच. घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या घरात कोणी ना कोणी मुलगा वा मुलगी उद्या आपणांस न समजणारे काही करावयास निघेल. त्याच्यासाठी दागिने मोडणे प्रत्येकास शक्य होईल असे नाही. पांढरी चादर धरून घटकाभर उन्हात उभे राहणे मात्र आपणां सर्वांच्या हातचे आहे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही आमच्या स्नेह्यांस वाचून दाखविला. ऐकून झाल्यावर ते काही वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी इतकेच विचारले की सुवर्णमहोत्सवाच्या मनोरंजन कार्यक्रमात नाव देण्याची मुदत संपली की काय. ती संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी कार्यवाहांकडे जादूच्या प्रयोगाचा एक अर्ज आला. अर्जावर अक्षर वडिलांचे होते, आणि त्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, असे तिन्ही पूर्ण लिहिलेले होते.